आमटी सांडली म्हणून खेळ संपतो का?

नाना, परवापर्यंत तुमच्या आरामखुर्चीत भांडी बसली होती. पातेली, डबे, वाट्या, झाकण हरवलेला एक कुकर. तुम्ही गेलात आणि चाळीने आपल्या घरी गॅस पेटूच दिला नाही. सकाळी कुणाचं पिठलं, दुपारी कुणाचा मऊ भात, संध्याकाळी कुणाची मुगाची खिचडी. घासलेली भांडी मांडायला आपल्या दोन खोल्यांत दुसरी जागा नव्हती, म्हणून माईंनी ती तुमच्या खुर्चीत रचली. मी म्हटलं, "माई, नानांच्या खुर्चीत?" तर म्हणाल्या, "असू दे. ते असते तर त्यांनीही एकेक झाकण उघडून बघितलंच असतं." एवढंच बोलल्या. एरवी माईंचं बोलणं इतक्यात संपत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार.

सुतकातल्या घरातून भांडं भरून परत जात नाही. आणि रिकामं परत देणं फणसवाडीत कुणाला जमत नाही. त्यामुळे भांडी तिथेच अडकून पडली. जाता-येता मला ती दिसायची आणि आपला खेळ आठवायचा. तोही तसाच अडकलाय, आणि तो तुमच्यामुळे अडकलाय.

"आल्यावर बोलू," असं म्हणून गेलात तुम्ही. हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये, स्ट्रेचरवर झोपून, नाकात नळी, तरी तर्जनी वर. "तो मुद्दा मी सोडलेला नाही, स्नेहल. आल्यावर बोलू." सुजय म्हणाला, "नाना, आता तरी गप्प राहा." आणि तुम्ही आयुष्यात पहिल्यांदाच मुलाचं ऐकलंत.

आपला मुद्दा बाहेरच्या माणसाला सांगितला तर तो हसेल. खेळातल्या बाईच्या हातून आमटी सांडली तर खेळ संपवायचा की नाही? बस, एवढाच. यावर सासरा आणि सून अख्खा पावसाळा भांडले. मी म्हणत होते, संपवायचा. तुम्ही म्हणत होतात, नाही. आता तुम्ही नाही म्हटल्यावर मला हवं तसं करायला मी मोकळी आहे. पण समोरची टीम मैदानात आलीच नाही म्हणून मिळालेली मॅच घेऊन मी काय करू? वॉकओव्हर मला नको आहे.

तर नाना, पहिल्यापासून.

अंधेरीच्या कंपनीने आमची गेम बनवणारी टीमच बंद केली, तेव्हा मी घरी येऊन तुम्हाला आणि माईंना सांगितलं की मी आता स्वतःचा गेम करणार. इंडी गेम. तुम्ही पेपर खाली न करता विचारलंत, "इंडी म्हणजे?" मी म्हटलं, "म्हणजे कंपनी नाही, साहेब नाही, पगारही नाही." तुम्ही म्हणालात, "म्हणजे बेकारी. इंग्रजी नाव दिलंय एवढंच." त्यावर माई तुम्हाला जे बोलल्या ते मी इथे लिहीत नाही.

पण खेळ काय आहे ते सांगितलं आणि पेपर खाली आला. चाळीतली एक बाई. हातात आमटीची वाटी. तळमजल्यावरून ती वरच्या घरी न सांडता पोचवायची. वाटेत जिन्यात पसरलेली मांजर, कठड्यावर वाळत घातलेली नऊवारी, "कुठे निघालीस गं?" म्हणून थांबवणाऱ्या बायका. त्यांना उत्तर दिलं तर आमटी गार होते. नाही दिलं तर तुम्ही वरच्या मजल्यावर पोचायच्या आत तुमची बदनामी पोचते. आणि शेवटी ज्या घरी वाटी दिली ते घर ती रिकामी परत करत नाही. लोणचं घालतं, चकल्या घालतं, नारळाची अर्धी वाटी घालतं. ते घेऊन पुढच्या घरी निघायचं. मी लालबागच्या मालवणी घरातली, तुम्ही गिरगावातले कारकुनांच्या घराण्यातले. माशांपासून मंगलाष्टकांपर्यंत आपल्या दोन्ही घरांचं कशावर म्हणून एकमत नव्हतं. फक्त वाटीवर होतं.

खेळ मला जुन्या पद्धतीचा हवा होता, बारीक बारीक चौकोनांनी रंगवलेला. सोळा चौकोन आडवे, सोळा उभे, त्यात एक माणूस बसवायचा. ती चित्रं जो मित्र काढणार होता त्याने लग्न केलं आणि बंगळूर गाठलं. म्हणून मी स्वतः काढायला बसले. माझी बाई आणि माझी मांजर यांच्यात फक्त शेपटीचा फरक होता. मी डोकं धरून बसले असताना तुम्ही मागून बघत होतात.

"चौकोनच भरायचेत ना?"

"हो."

"सोळा रकाने, सोळा ओळी?"

"हो, नाना."

"मग रडतेस काय? मी जन्मभर दुसरं केलंय काय?"

जहाज कंपनीच्या ऑफिसात निवृत्तीच्या आधी तुम्हाला स्प्रेडशीट शिकवली होती, आणि संगणकातलं तेवढंच तुम्ही खरं मानायचात. मी चित्रं काढायचा चांगला प्रोग्राम घालून दिला. तुम्ही तो उघडलात, बघितलात, बंद केलात. "यात रकान्यांना नावं नाहीत. मग कुठल्या चौकोनाबद्दल बोलतोय हे एकमेकांना सांगायचं कसं?" आणि स्प्रेडशीटचे रकाने अरुंद करकरून चौकोनी केलेत, प्रत्येक रंगाला आकडा दिलात आणि माणसं टाइप करायला लागलात. शून्य म्हणजे मोकळं. एक म्हणजे काळी रेघ. दोन म्हणजे कातडी. सात म्हणजे आमटी. माझा प्रोग्राम ते आकडे वाचून चित्र उभं करायचा.

त्या दिवसापासून आपलं जेवतानाचं बोलणं बदललं. "एच-नऊमधला रंग काढून टाक, तिला ढेरी आल्यासारखी दिसते." "नाही नाना, जी-सात मोकळा ठेवा." तिसऱ्या मजल्यावरच्या कुंदाताई एकदा विरजण मागायला आल्या होत्या. त्यांना वाटलं, आपण नाटकाची तिकिटं काढतोय. "मलाही एक काढा," म्हणाल्या, "पण पुढची नको, मान दुखते." तुम्ही गंभीरपणे "बघतो" म्हणालात.

आमटीच्या रंगावरून आपण किती भांडलो! माझा पिवळा तुम्हाला काविळीचा वाटायचा. तुमचा तपकिरी मला नालीचा वाटायचा. शेवटी माई पळी घेऊन आल्या, ती स्क्रीनला जवळजवळ चिकटवून धरली आणि म्हणाल्या, "हा. हा रंग. आणि आता जेवा, गार होतंय." स्क्रीनवर फोडणीचे शिंतोडे उडाले ते अजून तिथेच आहेत. मी पुसलेले नाहीत.

आणि तो चटईचा घोळ. पहिली सगळी माणसं तयार झाली, मी ती खेळात घातली, आणि बघते तर प्रत्येकाच्या पायाखाली एक रंगीबेरंगी पट्टी. बाई पट्टीवर, मांजर पट्टीवर, जिन्यात उभा राहिलेला दूधवाला पट्टीवर. कुणी उडी मारली की पट्टीही बरोबर उडायची. मी प्रोग्राम उलटा केला, सुलटा केला, काही सापडेना. सुजयने चहा करून दिला आणि लांबून सहानुभूती दाखवली. शेवटी मी तुमची मूळ शीट उघडली. प्रत्येक माणसाच्या पायाखाली, सतराव्या ओळीत, तुम्ही रकान्यांची बेरीज मारून ठेवली होतीत! माझा प्रोग्राम बिचारा त्या बेरजेलाही रंग समजून मनाला येईल ते फासत होता.

"नाना, ही बेरीज कशासाठी?"

तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जणू मीच वेडी आहे. "बेरीज नको? मग ताळा कसा जमणार?"

"माणसाचा ताळा कसला जमवायचा?"

"खाली बेरीज नसली की मला झोप येत नाही."

शेवटी बेरीज राहिली. मी प्रोग्रामला सांगितलं की सतरावी ओळ वाचू नकोस. पण मांजरीची मात्र तशीच ठेवली. आपल्या खेळातली मांजर चटई घेऊन फिरते. ज्यांनी ज्यांनी खेळून बघितलं त्यांना तेच सगळ्यात आवडलं, आणि तुम्ही "आम्ही मुद्दाम ठेवलंय" असं सांगत राहिलात.

मग अक्षरं आली. खेळात मराठी लिहायचं म्हणजे बारीक चौकोनांत बसणारी अक्षरं हवीत. तुम्ही स्वयंपाकघरातली वाटी आणून माझ्यासमोर आपटलीत. काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं माईंचं नाव. "हे काय आहे? भांडीवाल्याने हे कधीच सोडवून ठेवलंय." आणि निघालात चाळभर, लोकांच्या मांडण्यांवरची भांडी उतरवून अक्षरं गोळा करायला. 'ढ' तळमजल्यावरच्या ढवळ्यांच्या परातीवरून घेतलात. 'ळ' त्याच परातीवर होता, तरी त्याच्यासाठी आणखी तीन घरं फिरलात आणि प्रत्येक घरी चहा घेतलात. 'ञ' कुणाच्याच भांड्यावर नव्हता, तेव्हा तो भाषेतून काढून टाकायला हरकत नाही असं तुमचं मत पडलं. 'स्न' मात्र माझ्या लग्नातल्या डब्यावर मिळाला. लालबागहून आलेला, आईने नाव कोरून दिलेला डबा. "तुझ्या माहेराने एक तरी अक्षर दिलं," म्हणालात. हे तुमचं कौतुक. याच्यापुढे तुम्ही कधी गेला नाहीत.

आईवरून नाकांचं आठवलं. तुम्ही चाळीतल्या सगळ्यांना खेळात घातलंत, आणि विहीणबाई राहिल्या तर वाईट दिसेल म्हणून माझ्या आईलाही घातलंत. डोक्यावर टोपली, हिरवं लुगडं. आई कोलंबीचा डबा घेऊन आली होती. तिने चष्मा पुसून स्क्रीनकडे बघितलं.

"ह्यां मी?"

"हो, विहीणबाई."

"मगे माझा नाक खंय गेला?"

"अहो, सोळा चौकोनांत नाक बसत नाही."

"बसवा. नाक नाय त्या बाईक कोण इचारता?"

तुम्ही त्या कोलंबीच्या डब्याकडे बघितलंत आणि नाक बसवलंत. तोंडाच्या मधोमध एक गडद चौकोन. त्यामुळे आईने पानाचा विडा ओठात धरल्यासारखं दिसायला लागलं, पण ती खूष झाली. ही बातमी चाळीत पसरली. मग कुंदाताईंना नाक हवं, ढवळ्यांना मिशी हवी, दूधवाल्याला दाढी हवी. एक आठवडा आपण नुसती नाकं बसवत होतो. स्वतःला मात्र तुम्ही फार हुशारीने काढलंत. गॅलरीत खुर्ची, खुर्चीत धोतर, वर पांढरे केस आणि मधे पसरलेला पेपर. तोंड पेपरामागे. म्हणजे नाकाचा प्रश्नच नाही.

हे सगळं चाललं होतं तेव्हा माझी नोकरी नव्हती, नाना. जुन्या ऑफिसातली मुलं एकेक करून कुठे कुठे लागत होती. नातेवाईक फोन करून "मग आता काय करतेस?" विचारायचे आणि त्यांच्या आवाजात ते ठेवणीतलं गोड असायचं. तुम्ही ते एकदाही विचारलं नाहीत. दुपारी माई आडव्या व्हायच्या, तुम्ही चष्मा लावून माझ्याशेजारी बसायचात आणि म्हणायचात, "आज काय काढायचंय?" जणू काही आपल्या दोघांना त्या टेबलावर कुणीतरी नेमलंच आहे. त्या एका वाक्यावर मी ते दिवस काढले. तुम्हाला हे सांगायचं राहून गेलं. सांगितलं असतं तर तुम्ही विषय बदलला असतात, पण सांगायला हवं होतं.

आता भांडण.

भांडण पायरीपासून सुरू झालं. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर ती पायरी आहे ना, कोपरा उडालेली, तिचं चित्र काढताना तुम्ही एक चौकोन मोकळा सोडलात. एकच. खेळणाऱ्याला तो दिसायचा नाही. बाई तिथे आली की पाय जायचा आणि वाटी उलटी. मी म्हटलं, "हा अन्याय आहे, नाना. दिसायला तरी हवा."

"खऱ्या जिन्यात दिसतो का?"

"नाही."

"मग?"

सुजय त्या पायरीवर इतक्यांदा पडला की त्याने खेळच रद्दी आहे असं जाहीर केलं. मी म्हटलं, ठीक आहे, पायरी राहू दे. पण तीन वाट्या सांडल्या की खेळ संपला. स्क्रीन काळी. वर अक्षरं, ढवळ्यांच्या परातीवरची का होईना: खेळ संपला.

"का?" तुम्ही विचारलंत.

"कारण ती हरली."

"आमटी सांडली म्हणून?"

"हो."

"अगं, मग या चाळीत आतापर्यंत एक बिऱ्हाड उरलं नसतं! तुझी सासू लग्न होऊन आली त्याच आठवड्यात अख्खं पातेलं घेऊन त्या जिन्यात बसली होती."

"अर्धं पातेलं!" आतून माई.

"मग काय झालं?" मी विचारलं.

"काय व्हायचंय? माझी आई तिला ओरडली, आणि तिने दुसरं पातेलं भरून दिलं."

मी तुम्हाला परोपरीने समजावलं. काही गमावायचं नसेल तर माणूस जीव लावून खेळत नाही. धोका नाही तर मजा नाही. जगातल्या सगळ्या खेळांना शेवट असतो.

"ओरडा बसू दे की. ओरड्यासारखी शिक्षा नाही."

"नाना, ओरडा खायला कुणी गेम घेत नाही."

"लोक लग्न करतात."

"मला कशाला मधे घालताय?" पुन्हा आतून.

मग तुम्ही खरं तेच म्हणालात. म्हणालात, वाटी इकडून तिकडे जाते, तिकडून इकडे येते. आधी कुणी दिली हे आता कुणाला आठवतही नाही. आजोबांच्या वेळेपासून फिरते आहे. यात खेळ संपतो कुठे, ते मला दाखव. मी म्हटलं, हे बोलायला छान आहे, पण प्रोग्राममध्ये कुठेतरी पूर्णविराम द्यावा लागतो. तुम्ही गेलात आणि शीटच्या कोपऱ्यात टाइप केलंत: मुद्दा प्रलंबित. त्यानंतर रोज चहाच्या वेळी, बशीत चहा ओतताना, "प्रलंबित मुद्द्याचं काय झालं?" मीही हटले नाही. लालबागची आहे.

पुढच्या महिन्यात दादरला एका हॉलमध्ये आमच्यासारखे घरी बसून खेळ करणारे लोक आपापले खेळ मांडून बसणार आहेत. तुम्ही त्यासाठी शर्ट इस्त्री करून हँगरला लावला होतात. माईंनी तो अजून काढलेला नाही. खेळ तयार आहे, नाना. फक्त शेवट नाही. मी दोन-तीनदा बसले, "खेळ संपला" ही अक्षरं लावायला. अक्षरं समोर आली की तो हँगरवरचा शर्ट दिसायचा आणि मी लॅपटॉप मिटवायचे.

आणि माई. तुम्ही गेल्यापासून त्या ओरडलेल्या नाहीत. सुजयने ओला टॉवेल गादीवर टाकला, काही नाही. मी दूध उतू घालवलं, काही नाही. "असू दे," म्हणतात. हळू आवाजात. ते "असू दे" मला ऐकवत नाही. रडल्या असत्या तर मी काहीतरी केलं असतं, जवळ बसले असते. त्या नुसत्या भांडी पुसत होत्या, पुसलेलीच.

तेराव्याला गोडाचं जेवण झालं. दुसऱ्या दिवशी आम्ही भांडी परत करायला घेतली. कुणात लाडू, कुणात शिरा. सुजयने खालचे मजले केले. तुमची खुर्ची हळूहळू मोकळी होत गेली आणि ते बघायला नको म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. शेवटी उरली कुंदाताईंची मोठी वाटी. काल सकाळी माईंनी तेरा दिवसांनंतर पहिल्यांदा आमटी केली. चिंचगुळाची, तुमची. ती वाटीत काठोकाठ भरली, वर कोथिंबीर घातली आणि माझ्या हातात दिली. "कुंदाला देऊन ये."

मी निघाले. दोन्ही हातांनी वाटी धरून. जिन्यात मांजर नव्हती, साडी नव्हती, कुणी थांबवलंही नाही. इतका सोपा डाव मी खेळातही कधी ठेवला नव्हता. मनात तुमच्याशी बोलत होते. आणि तिसऱ्या मजल्याच्या वळणावर पाय गेला.

ज्या पायरीचा एकूण एक चौकोन मी स्वतः प्रोग्राममध्ये बसवलाय, त्याच पायरीवर. आमटी माझ्या ड्रेसवर, भिंतीवर, खालच्या चार पायऱ्यांवर. वाटी टणटण करत दुसऱ्या मजल्यापर्यंत गेली. मी तिथेच बसले, अंगभर सात नंबरचा रंग घेऊन, आणि मला हसू यायला लागलं. हसता हसता कधी रडायला लागले ते कळलं नाही. हॉस्पिटलमध्ये रडले नव्हते, स्मशानातून सुजय परत आला तेव्हा रडले नव्हते. तुमच्यासाठी मी आमटीत बसून रडले, नाना.

कुंदाताई बाहेर आल्या. त्यांनी मला बघितलं, पायरीला बघितलं.

"भाजलं नाही ना गं?"

मी मान हलवली.

"मग जा, दुसरी भरून आण. मी भात लावते तोवर."

काय बोलल्या हे त्यांना कळलंही नाही. आत जाऊन त्यांनी तांदूळ धुवायला घेतले.

मी वाटी उचलून घरी आले. माई दारातच उभ्या होत्या. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. रिकाम्या वाटीकडे बघितलं. मला वाटलं, आता "असू दे" येणार.

"लक्ष कुठे असतं तुझं?" माई ओरडल्या. चांगल्या खणखणीत, समोरच्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा. "एक वाटी धड नेता येत नाही आणि निघालीस खेळ करायला! तो जिना आज बांधलाय का? अक्कल काय कोनाड्यात ठेवून जातेस? नवा ड्रेस होता तो! आण इकडे ती वाटी!"

सुजय आतल्या खोलीतून धावत आला आणि दारात थांबला. त्याचे डोळे भरले होते आणि तो हसत होता. माई ओरडतच राहिल्या, पायरीवर, ड्रेसवर, महागलेल्या चिंचेवर, मग कुठून तरी तुमच्यावर आल्या, "आणि हे! हे गेले निघून, पायरी दुरुस्त करून घेतो म्हणत म्हणत!" आणि ओरडता ओरडता त्यांनी वाटी धुतली, पुसली आणि पुन्हा काठोकाठ भरली.

ओरड्यासारखी शिक्षा नाही, म्हणाला होतात. शिक्षा कसली, नाना? घरात जीव आला.

दुसरी वाटी मी न सांडता पोचवली. कुंदाताईंनी ती आमटी आपल्या पातेल्यात ओतून घेतली, वाटी विसळली, आणि मी वळणार तेवढ्यात फडताळातून बरणी काढून त्यात लसणीची चटणी घातली. "माईंना आवडते. आता तोंडाला चव नसेल त्यांच्या."

"अहो, वाटी तुमचीच आहे," मी म्हटलं.

"मग येऊ दे की परत."

काल दुपारी मी लॅपटॉप उघडला. तीन वाट्यांची अट काढली. काळी स्क्रीन काढली. "खेळ संपला" ही अक्षरं काढली. आता आमटी सांडली की बाई घरी येते, दारात माई उभ्या असतात आणि काल बोलल्या ते शब्दन् शब्द बोलतात. सगळं संपेपर्यंत खेळणाऱ्याला काहीही करता येत नाही, नुसतं ऐकून घ्यायचं. गॅलरीत तुमचा पेपर तेवढ्या वेळात एक चौकोन हलतो. तुम्ही हसताय की पान उलटताय ते कळत नाही. मग वाटी पुन्हा भरलेली असते. शीटच्या कोपऱ्यात तुम्ही लिहिलं होतंत तिथे मी लिहिलंय: मुद्दा निकाली. नानांच्या बाजूने. तोंडी हार तुम्ही कधी मानली नसतीत, म्हणून लेखी देते आहे.

आल्यावर बोलू, म्हणाला होतात. बोलायचं काही उरलेलं नाही, पण मला फार आठवण येते तुमची.

आत्ता हे लिहीत असताना माई समोर बसल्या आहेत, तुमच्या खुर्चीत. मोकळी झाली तेव्हा कुणीतरी बसायला हवंच होतं. आमटीभाताबरोबर चटणी संपली. कुंदाताईंची वाटी घासून त्यांनी मांडीवर घेतली आहे आणि काठावरच्या ठिपक्यांवरून अंगठा फिरवताहेत.

"स्नेहल," म्हणाल्या, "उद्या यात काय भरायचं गं?"